वाचलेले कामात उतरावे म्हणून आपण काय करता?

परिसेविका, परळ

नमस्कार. मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात 19 वर्षे नोकरी करीत आहे आणि गेली 4 वर्षे पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाची परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, आहे. डोंबिवली ते परळ असा रोजचा प्रवास आहे. सकाळी जाताना बहुधा उभेच राहावे लागते, परंतु परतताना दुपारच्या गाडीत बसायला मिळते. तो वेळ वाचनाचा, असे मी मागच्या वर्षी जूनमध्ये ठरवले आणि ठरवले ते पाळले. या जूनपर्यंत 22 पुस्तके वाचून झाली. त्यांत आत्मचरित्रे आहेत, दोन-तीन कादंबऱ्या आहेत, व्यवस्थापनावरची काही आहेत आणि माझ्या व्यवसायाशी थेट संबंध असलेलीही आहेत. प्रत्येक पुस्तकाचे नाव आणि ते संपल्याची तारीख मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.

मागच्या महिन्यात आमच्या मेट्रनबाईंनी मला नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसमोर दहा मिनिटे बोलायला सांगितले. अलीकडे काय वाचले आणि त्याचा कामात काय उपयोग झाला, एवढाच विषय होता. आदल्या रात्री ती यादी समोर घेऊन मी बसले आणि तासभर बसूनही कोणत्याही एका पुस्तकाविषयी चार सलग वाक्ये मला लिहिता येईनात. पुस्तक आवडले होते, एखादे वाचताना डोळ्यांत पाणीही आले होते, ते कुठे वाचले तेसुद्धा आठवत होते (एक प्रकरण तर कळव्याच्या अलीकडे गाडी अर्धा तास थांबून राहिली तेव्हा वाचले होते), पण त्यात नेमके काय म्हटले होते आणि त्यामुळे माझ्या वागण्यात काय फरक पडला, हे सांगता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी "वाचत राहा, फार उपयोग होतो" अशा अर्थाचे काहीतरी बोलून मी वेळ निभावून नेली. समोरच्या मुलींपैकी दोघी-तिघी वहीत लिहून घेत होत्या, त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले.

एकाच पुस्तकाचे उदाहरण देते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरचे छोटेखानी पुस्तक 1859 सालचे आहे. आम्हा परिचारिकांना नाइटिंगेलबाई ठाऊक असतात त्या शपथेमुळे, हातातल्या दिव्यामुळे आणि दर वर्षी 12 मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, होणाऱ्या कार्यक्रमामुळे. त्यांचे पुस्तक मात्र प्रशिक्षणाच्या काळात मी कधी हातात घेतले नव्हते. त्यात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीत किंवा त्याच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर कुजबुजत बोलणे हा क्रूरपणा आहे, कारण रुग्णाची इच्छा नसली तरी त्याचे कान तिकडे ताणले जातात, असे त्या म्हणतात. दुसऱ्या एका प्रकरणाचा गाभा असा की, जबाबदार व्यक्तीने "हे मी नेहमी नीट कसे करीन" असे विचारून थांबू नये, "मी नसतानाही हे नेहमी नीट कसे होईल" हा प्रश्न डोक्यात ठेवावा. आणि निरीक्षणावरच्या प्रकरणात त्यांनी सांगितले आहे की, रुग्णाची रात्र बरी गेली का असे मोघम विचारू नये. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, ते विचारावे.

या तिन्ही ठिकाणी मी पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी बदलताना रात्रपाळीच्या सिस्टरने "14 नंबर ठीक आहे, रात्री झोपला होता" असे सांगितले आणि मी मान हलवून 15 नंबरकडे वळले. रेघ ओढलेले पुस्तक तेव्हा माझ्या पिशवीतच होते.

जी मंडळी नोकरी सांभाळून नियमित वाचतात त्यांना माझा प्रश्न आहे. पुस्तक मिटल्यानंतर तुम्ही काय करता? टिपणे काढता का, आणि काढत असाल तर ती कोणत्या प्रकारची, म्हणजे नंतर ती उघडून पाहावीशी वाटतील? आणि जी पुस्तके कामाशी संबंधित नाहीत, त्यांच्याबाबतही असेच काही करावे का? वाचनाचे महत्त्व मला पटलेले आहे. मला त्यापुढची पायरी हवी आहे.


निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव

परिसेविकाताई, आपण डायरीच्या शेवटच्या पानावर जे ठेवले आहे, त्याला आमच्या व्यवसायात दाखल नोंदवही म्हणतात. पुस्तक ग्रंथालयात आले की त्याला क्रमांक द्यायचा, तारीख घालायची, नाव आणि किंमत लिहायची. ती नोंदवही अत्यंत आवश्यक असते, पण तिच्यावरून एवढेच कळते की हे पुस्तक आपल्याकडे आहे. वाचक मात्र दारात उभा राहतो तो एखादी अडचण घेऊन. "मुलगा बोलताना अडखळतो, त्यावर काही आहे का?" असे विचारणाऱ्या आईला दाखल नोंदवही काहीही उत्तर देऊ शकत नाही. तिच्यासाठी विषयवार तालिका लागते. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला एक नियम वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे, आणि तो वेळ वाचतो तो विषयवार मांडणीमुळेच.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, पुस्तकाच्या नावाने टिपण काढू नये. आपल्या वॉर्डात जी कामे रोज होतात, त्यांच्या नावाने पाने करावीत. "ड्युटी बदलताना", "नातेवाइकांशी बोलताना", "नव्या सिस्टरला शिकवताना", "रुग्ण दगावल्यानंतरचा पहिला अर्धा तास" अशी पाच-सहा शीर्षके पुरेत. झोपेविषयीची नोंद पहिल्या पानावर जाईल, कुजबुजीची दुसऱ्यावर, आणि आपण नसताना काम नीट होण्याची तिसऱ्यावर. याचा अर्थ असा की आपण एका पुस्तकाचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा जिथे लागणार आहे तिथे ठेवला. उद्या एखाद्या कादंबरीत मुलाला बापाच्या मृत्यूची बातमी कशी सांगितली ते आपण वाचाल, तेव्हा तीही नोंद नाइटिंगेलबाईंच्या नोंदीशेजारी जाऊन बसेल. दोन वेगळ्या पुस्तकांतल्या गोष्टी एकाच पानावर भेटल्या की त्यांतून तिसरी गोष्ट सुचते, असा माझा 30 वर्षांचा अनुभव आहे. निकलस लूमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात अशा सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहून ठेवल्या आणि त्या क्रमांकांनी एकमेकींना जोडल्या. आपल्याला तेवढ्यांची गरज नाही, पण मूळ कल्पना तीच आहे.

आणखी एक सांगतो. परत आलेली पुस्तके झटकून पाहणे हे आमचे रोजचे काम असे. त्यांतून लोकलची तिकिटे, औषधांच्या चिठ्ठ्या, विजेची बिले, मोराची पिसे असे सर्व काही निघे. एक वाचक होते, गिरणीत वायरमन म्हणून काम केलेले. त्यांच्या पुस्तकात प्रत्येक वेळी सिगारेटच्या पाकिटाचा आतला पांढरा कागद सापडे आणि त्यावर बारीक अक्षरात फक्त प्रश्न लिहिलेले असत. "हे त्याने बायकोला का सांगितले नाही?", "आपल्याकडे असे का होत नाही?", "मी असतो तर?" पहिल्या वेळी मला वाटले की ते चुकून राहिले, म्हणून मी तो कागद त्यांना परत दिला. ते म्हणाले, "राहू द्या, मला त्याचे उत्तर मिळाले." सारांश लिहिलेल्या शेकडो वह्या मी पाहिल्या आहेत, परंतु त्या कागदांइतके जिवंत टिपण क्वचितच पाहिले. आपल्या परंपरेत श्रवण, मनन आणि निदिध्यास असा क्रम सांगितला आहे. गाडीत जे होते ते श्रवण. पुस्तक पिशवीत गेल्यावर मननाला सुरुवात होते, आणि तिथे आपण स्वतःला काय विचारता, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.


माध्यमिक शिक्षिका, मुलुंड

ग्रंथपालकाकांनी नोंद कुठे ठेवावी ते सांगितले. ती कधी आणि कशी लिहावी, याविषयी थोडे सांगते, कारण ताईंनी वर्णन केलेली अडचण मी वर्गात दररोज पाहते.

पेन्सिलीने रेघ ओढल्यावर आपल्याला समाधान वाटते आणि तेच समाधान फसवे असते. 2006 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोएडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा कोऱ्या कागदावर, उतारा न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली की वारंवार वाचणारे पुढे असत. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र वारंवार वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि न पाहता लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट पुढची आहे : आपल्याला हे लक्षात राहील असा विश्वास वारंवार वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हे मला कळेपर्यंत नोकरीची 11 वर्षे उलटली होती आणि तोवर मी प्रत्येक मुलाला "पुन्हा एकदा नीट वाच" हेच सांगत आले होते. आता नववीच्या वर्गात धडा संपला की पुस्तके बाकाखाली ठेवायला सांगते आणि पाच मिनिटे वहीत आठवेल ते लिहायला लावते. सुरुवातीला मुले चिडतात, कारण आठवायचा प्रयत्न करणे कष्टाचे असते. माझ्या मते ते कष्ट वगळून काहीच साधत नाही.

ताई, आपण डोंबिवलीला उतरता. दिवा सोडले की पुस्तक मिटावे आणि स्टेशन येईपर्यंत त्यात काय वाचले ते मनात मांडावे. घरी गेल्यावर चहा ठेवून, पुस्तक न उघडता, तीन-चार ओळी लिहाव्यात. जे आठवणार नाही ते दुसऱ्या दिवशी उघडून पाहावे. नंतर उघडून पाहावीशी वाटतील अशी टिपणे कोणती, असे आपण विचारले आहे. स्वतःच्या शब्दांत लिहिलेले आणि त्या दिवशी वॉर्डात घडलेल्या एका तरी प्रसंगाला जोडलेले टिपण माणूस पुन्हा उघडतो. उतरवून घेतलेली वाक्ये मी स्वतः कधी पुन्हा उघडलेली नाहीत.


साइट इंजिनीयर, चेंबूर

वरील दोन्ही उत्तरे मला पटली. मी त्यांना एक पुस्ती जोडतो, आणि ती माझ्या हातून झालेल्या चुकीतून आलेली आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी मी अतुल गावंडे या शल्यविशारदांचे चेकलिस्टवरचे पुस्तक वाचले. 1935 साली बोइंग कंपनीच्या नव्या मोठ्या विमानाला चाचणी उड्डाणातच अपघात झाला. वैमानिक अतिशय अनुभवी होता, फक्त उड्डाणापूर्वी नियंत्रणाचे एक कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासयाद्या आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच धर्तीवर शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी केली, ती जगातल्या 8 रुग्णालयांत वापरून पाहिली (त्यांत नवी दिल्लीतीलही एक होते), आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. मी भारावून गेलो. आठवड्याभरात स्लॅब भरण्यापूर्वीची 32 मुद्द्यांची यादी तयार केली. सळईखालचे कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून ठेवायचे छोटे ठोकळे), शटरिंगचे म्हणजे साच्याचे सांधे, टेकूंची उभारी, विजेचे पाइप, सर्व काही त्यात होते. साहेबांनी शाबासकी दिली.

पहिला महिना उत्तम गेला. मग एका रात्री काँक्रीटच्या गाड्या रस्त्यावर रांगेत उभ्या होत्या, पावसाचे आभाळ होते, मुकादम घाई करीत होता, आणि आम्ही स्लॅब भरून घेतला. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये चहाबरोबर भरली गेली. शटरिंग काढल्यावर एका खोलीच्या छतात खालून सळई दिसू लागली. त्या भागात कव्हर ब्लॉक बसवलेच नव्हते. यादीत मात्र कव्हर ब्लॉकपुढे बरोबरची खूण होती, तिच्यापुढे माझ्या सहकाऱ्याची सही होती आणि त्याखाली माझी. दुरुस्ती करता आली, कोणाला इजा झाली नाही, परंतु ते छत मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर मी त्याच विषयावर आणखी वाचले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 101 रुग्णालयांत तीच शस्त्रक्रियेची यादी लागू झाल्यावर काय झाले, याचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला होता, आणि तिथे मृत्यू किंवा गुंतागुंत यांत लक्षणीय घट दिसली नव्हती. कागद तोच होता. यावर जी चर्चा झाली तिच्यात अनेकांनी हेच दाखवून दिले की, ती यादी म्हणजे सर्वांनी हातातले काम थांबवून एकमेकांशी मोठ्याने बोलण्याचा क्षण आहे. तो क्षण गेला आणि फक्त खुणा राहिल्या की तिचा प्राण जातो. मी पहिल्या पुस्तकातून यादी उचलली होती, थांबणे उचलले नव्हते.

आता आमची यादी 9 मुद्द्यांची आहे. पहिल्या गाडीचे काँक्रीट सोडण्यापूर्वी सळई बांधणारा फिटर, सुतार, मुकादम आणि मी असे चौघे सळईवर उभे राहतो आणि ती मोठ्याने वाचतो. कव्हर ब्लॉकचे नाव आले की फिटर वाकून हाताने दाखवतो.

म्हणून परिसेविकाताई, आपल्या वहीत एक ओळ जरूर ठेवावी : "हे माझ्या ठिकाणी कुठे अडेल?" पुस्तक कोणत्या देशात, कोणत्या काळात, किती माणसे हाताशी असलेल्या ठिकाणासाठी लिहिले गेले, ते पाहावे. आणि एखाद्या पुस्तकाने फारच भारावून टाकले, तर त्याच विषयावरचे विरुद्ध बाजूचे काहीतरी वाचल्याशिवाय कामात हात घालू नये.


बँक कर्मचारी, बोरीवली

मला थोडे वेगळे वाटते, ते नम्रपणे मांडते.

ताईंनी विचारले आहे की, कामाशी संबंध नसलेल्या पुस्तकांबाबतही असे करावे का. माझे उत्तर असे आहे की, काही पुस्तकांना शीर्षक देऊ नये. मी दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" वाचली. शाळेत न गेलेली ही बाई, नवऱ्याने धर्म बदलल्यावर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली, पुढे त्याच्याकडे गेली, आणि उतारवयात हे सर्व तिने अशा सरळ भाषेत सांगितले की कोणाविषयीही मनात अढी राहत नाही. वाचून झाल्यावर मी एकही ओळ लिहिली नाही. परंतु आमच्या काउंटरवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनासाठी ज्या वृद्ध बायका येतात, त्यांतल्या एखादीने पासबुक पुढे करून भलतीच हकीकत सांगायला सुरुवात केली तर पूर्वी मी "आजी, काम काय ते सांगा" असे म्हणत असे. आता ती हकीकत मी पुरी होऊ देते. बहुतेक वेळा तिचे काम त्या हकीकतीतच कुठेतरी असते : वारसाचे नाव बदलायचे असते, किंवा मुलाने खात्यातून पैसे काढलेले असतात आणि ते तिला थेट बोलवत नाही. हा बदल "स्मृतिचित्रे"मुळे झाला हे मला वर्षभराने लक्षात आले. मी त्याची आधीच नोंद केली असती आणि तो उद्यापासून अमलात आणायला बसले असते, तर तो झाला असता असे मला वाटत नाही.

तरीही एक गोष्ट मी करते. विरारहून येणाऱ्या गाडीत आम्ही तिघी मैत्रिणी असतो आणि वाचलेले एकमेकींना सांगतो. सांगताना आपल्यालाच कळते की कुठे नुसते वाहून गेलो आणि कुठे समजले.


निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव

बोरीवलीच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्या उत्तरात ते राहून गेले होते. आमच्याकडेही काही पुस्तके अशी असत की त्यांना कोणत्या विषयाखाली घालावे हे ठरत नसे, आणि वाचक तीच सर्वांत जास्त नेत. परिसेविकाताईंनी पुढे काय केले ते मात्र अवश्य कळवावे.


परिसेविका, परळ

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगण्यासारखे काही हाती आल्यावरच लिहावे असे ठरवले होते, म्हणून पाच आठवडे लागले.

मी 100 पानी वही घेतली आणि काकांनी सुचवल्याप्रमाणे कामांची शीर्षके घातली. पहिले पान "ड्युटी बदलताना". मुलुंडच्या शिक्षिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे पुस्तक न उघडता झोपेविषयीची नोंद लिहिली आणि तिच्याखाली 14 नंबरचा तो प्रसंग जसाच्या तसा लिहिला. मग इंजिनीयरसाहेबांची ओळ लिहिली : "हे माझ्या ठिकाणी कुठे अडेल?" त्याचे उत्तर मला दुसऱ्याच सकाळी मिळाले. रात्रपाळीच्या सिस्टरला मी प्रत्येक रुग्णाची झोप किती ते किती वाजेपर्यंत लागली असे विचारू लागले, तेव्हा सातव्या-आठव्या खाटेपाशी ती म्हणाली, "मॅडम, 40 पेशंट आहेत, आणि आम्ही दोघीच होतो." तिचे म्हणणे खरे होते.

त्या दिवशी परतताना मी पुस्तकाची प्रस्तावना उघडली. पहिल्या वेळी मी ती सोडून दिली होती. तिच्यात नाइटिंगेलबाईंनी स्पष्ट लिहिले आहे की, हे परिचारिकांना शिकवण्याचे पाठ्यपुस्तक नाही. ज्या बायकांवर दुसऱ्याच्या प्रकृतीची जबाबदारी येते, त्यांच्यासाठी या काही सूचना आहेत, आणि कसे करावे ते मी शिकवत नाही, तिने ते स्वतःला शिकवावे. म्हणजे ज्या पुस्तकातला नियम मी 40 रुग्णांना जसाच्या तसा लावायला निघाले होते, ते घरातल्या एका रुग्णाजवळ बसलेल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते, आणि त्यातच मला सांगितलेले होते की पुढचे तू ठरव.

मग आम्ही बसून ठरवले. "आम्ही" म्हणजे मी आणि तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर. रात्रपाळीच्या सिस्टरने स्वतः पाच रुग्ण निवडायचे, ज्यांची तिला काळजी वाटते असे, आणि त्या पाचांविषयी "ठीक आहे" हा शब्द वापरायचा नाही. वेळ सांगायची आणि काय पाहिले ते सांगायचे. बाकीच्यांची नोंद नेहमीप्रमाणे. मी रजेवर असताना हे चालू राहील का, याची मला धाकधूक होती. मी चार दिवस गावी जाऊन आले, तेव्हा ते चालू होते, एवढेच नव्हे तर त्यांनी ते दुपारच्या पाळीलाही लावले होते.

गेल्या गुरुवारची गोष्ट आहे. 9 नंबरचे आजोबा तापासाठी दाखल झालेले होते आणि ताप उतरला होता. पूर्वीच्या पद्धतीने ते "ठीक, झोपले होते" यातच गेले असते, कारण डोळे मिटून ते पडलेले दिसत. त्या सकाळी सिस्टर म्हणाली, "दोन ते चार झोपले, तेही तीन उशा लावून, बसल्यासारखे. आडवे केले की उठून बसतात. मी विचारले तर म्हणाले, दम लागतो." मी हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरांना, ताबडतोब बोलावले. त्यांनी छाती तपासली, पायांवर बोट दाबून सूज पाहिली, आणि राउंडच्या आधीच हृदयाच्या दृष्टीने पुढचे उपचार सुरू झाले. ती सिस्टर त्या दिवशी ड्युटी संपल्यावरही वीस मिनिटे थांबली होती.

बोरीवलीच्या ताईंचे ऐकून मी कादंबऱ्यांसाठी पान केलेले नाही. त्या मी डायरीच्या शेवटच्या पानावर पूर्वीसारख्याच नाव आणि तारीख घालून ठेवते.

कुजबुजीचे पान अजून पुढे सरकलेले नाही. आमच्याकडे राउंडच्या वेळी रुग्णाच्या पायांशी उभे राहून सात-आठ जण हलक्या आवाजात बोलतात, आणि रुग्ण एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहतो. ते बोलणे एकतर त्याला समजेल असे मोठ्याने व्हावे किंवा दाराबाहेर दूर जाऊन व्हावे, असे मला वाटते. पण हे मला सिस्टरांना सांगायचे नाही, वयाने आणि हुद्द्याने मोठ्या असलेल्या डॉक्टरांना सांगायचे आहे. आपल्यापेक्षा वरिष्ठ असलेल्या व्यक्तीपुढे अशी गोष्ट कोणी मांडली असेल, तर ती कोणत्या शब्दांत मांडली ते कृपया कळवावे.